मूठभर चुना

पुउकच्या टेकड्यांत नदी नाही, ओढा नाही,
तरी इथे शहरं होती.
हे एर्मेलिंदो कोउओह मला तीनदा सांगून झालाय,
चौथ्यांदा सांगायला त्याने दुपार मोकळी ठेवलीय.

मी रोमचा गवंडी. एर्सिलिओ.
पडक्या देवळाचा गिलावा दुरुस्त करायला आलेला.
खिशात ओळंबा, जिभेवर दोन हजार वर्षं.
मी म्हणालो, आम्ही पाणी कमानींवरून चालवलं,
डोंगरातून थेट शहरातल्या कारंज्यात,
कोसभर अंतराला वीतभर उतार.
तो म्हणाला, चालवलं कशाला?
आमचं आभाळातून पडलं तिथेच धरलं,
जमिनीत रांजणासारखं पोट खोदून, आतून चुना लिंपून.
मी म्हणालो, चाकं, गाड्या.
तो म्हणाला, आणि बैल कोण देणार होतं, तू?
मी म्हणालो, घुमट.
तो म्हणाला, शून्य,
आणि काटकीने धुळीत एक शिंपला काढला.
"सगळं संपल्यावर तुमचे कारकून काय लिहायचे?"
मी पाणी मागितलं.

गवंडी म्हटला की थापा आल्याच.
पण चुन्यापाशी दोघेही गप्प व्हायचो.
ओली लाकडं गोल रचलेली, चाकासारखी
(हे मी त्याला बोललो नाही),
वर फोडलेला दगड, मधोमध विस्तव.
रात्रभर ती भट्टी कुणाशी तरी बोलत होती.
पहाटे दगड उचलला तर हलका लागला,
फार दिवस आजारी असलेल्या माणसाच्या हातासारखा.
माझा आजोबाही असाच उचलून बघायचा.
असंच मान तिरकी करून.

दवाने ढीग फुलला.
आम्ही तो तोलला, वहीत मांडला.
तेवढ्यात फिलिबेर्ता पोओत आली
आणि कुणाला न विचारता मूठभर उचलून निघाली.
"अहो बाई, तो भिंतीचा आहे!"
ती थांबलीसुद्धा नाही.
चुलीवर मक्याचं भांडं होतं, त्यात टाकला.
दाणे पिवळेधमक झाले, सालं सुटली,
मातीला ऊन लागावं तसा वास.
"तुमच्याकडे नाही घालत?"
नाही, म्हटलं.
"मग मका पोट भरतो. माणूस भरत नाही."

पोळी उलटताना ती हे सहज बोलली.
मी मात्र बसलो होतो तिथेच बसून राहिलो.

माझी पणजी, आदेलाइदे,
पो नदीच्या मुखाशी दुसऱ्याच्या जमिनीवर राबायची.
सकाळी मक्याची लापशी, रात्री तीच,
दुपारी कधी तीच, कधी तीही नाही.
वसंतात हातांची कातडी निघाली,
गळ्याभोवती लाल पट्टा उठला,
मग जीभ सोलवटली,
मग मुलांची नावं गेली, एकेक, धाकट्यापासून.
होडीत घालून तिला बेटावर नेलं,
वेड्यांच्या इस्पितळात.
तिथल्या भिंतींना दरवर्षी चुना द्यायचे.
पांढऱ्याशुभ्र, आढ्यापर्यंत.
आजोबा सांगायचा, भेटीला गेलं की
ती नखाने भिंत खरवडत बसलेली असायची.
आम्ही समजायचो, वेड.

जहाजांतून दाणा आला आमच्याकडे.
भांड्यात काय घालायचं, ते इथेच राहिलं.
चुलीपाशी बसलेल्या बाईला
कुणी विचारलंच नसणार.
आम्ही तर चुन्यातले उस्ताद.
बंदरं बांधली त्यावर, समुद्रात.

"मग?" एर्मेलिंदो म्हणाला,
"पुढे कोण होतं, ठरलं का?"
त्याच्या हातात वही होती,
ढिगात एक मूठ कमी भरत होती,
आणि त्या रकान्यात काय लिहायचं
हे त्यालाही कळत नव्हतं.

फिलिबेर्ताने माझ्यापुढे पोळी ठेवली.
फुगलेली, एका बाजूला करपलेली.
"आधी जेव," म्हणाली.